कर्त्याविना वाक्ये : थळच्या किनाऱ्यावरून तीन लढ्यांकडे पाहताना

अलिबागच्या उत्तरेस चार-पाच किलोमीटरवर थळ हे गाव आहे. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात, आणि पाठीमागे नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या वर खत कारखान्याचे मनोरे. आम्ही साहित्याचे वाचक. इतिहास हा आमचा अभ्यासविषय नाही, आणि इतिहासकाराचा अधिकारही आम्ही सांगत नाही. तरीही या ठिकाणी उभे राहिल्यावर एक प्रश्न आम्हांला सतत पडत आला आहे. राज्यसंस्था आणि माणसे यांचा संघर्ष शस्त्रापर्यंत येतो तेव्हा त्या घटनेला नाव कोण देते? ते नाव पुढे टिकते कसे? आणि जेथे शस्त्र चाललेच नाही, त्या लढ्याची आठवण कोण ठेवते?

गेल्या काही वर्षांत श्रीलंका, बांगलादेश आणि नेपाळ या तिन्ही शेजारी देशांत लोकांनी रस्त्यावर येऊन सरकारे घालवली. या घटनांवर मराठीत भरपूर लिहिले गेले, आणि त्यांतील बहुतेक लिखाण 'तिकडे काय चालले आहे' या सुरातले होते. प्रस्तुत लेखात आम्ही उलट दिशेने जाणार आहोत. जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील तीन लढे आधी पाहू आणि मग शेजाऱ्यांकडे वळू. चिरनेर (१९३०), चरी (१९३३ ते १९३९) आणि जासई (१९८४) ही ती तीन नावे. तिन्ही गावे एकाच जिल्ह्यातली, आणि लढणारी माणसेही बरीचशी एकाच समाजस्तरातली : आगरी, कोळी, कातकरी आणि इतर लहान शेतकरी व मजूर. समोरचे सरकार मात्र प्रत्येक वेळी वेगळे होते. त्यामुळे तुलनेला एक नैसर्गिक चौकट आपोआप मिळते.

१

प्रथम समोरच्या बेटांविषयी थोडेसे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला सुरुवात केली. मुंबईकर इंग्रजांनी ती रोखण्यासाठी आपली जहाजे पाठवली आणि जंजिऱ्याचा सिद्दी त्यांच्या साथीला आला. महिनोन् महिने या उथळ, खडकाळ पाण्यात चकमकी झाल्या. मराठ्यांच्या लहान होड्यांना रसद मिळत होती ती याच किनाऱ्यावरून. अखेर इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. एका गावासमोरची दोन बेटे दोन शत्रूंच्या हाती, आणि मधल्या पाण्यात मासे मारून पोट भरणारे गाव, अशी पुढची कित्येक वर्षे गेली असणार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. याचा आम्हांलाही आनंद आहे. परंतु हा वारसा राज्यकर्त्यांच्या शस्त्रांचा आहे हेही ध्यानात ठेवले पाहिजे. राज्ये परस्परांशी लढतात तेव्हा त्यास युद्ध म्हणतात. त्याची बखर होते, पोवाडा होतो, आणि अडीच-तीनशे वर्षांनी वारसाही होतो. राज्य आणि त्याचीच रयत समोरासमोर येतात तेव्हा कोणता शब्द वापरावा याविषयी एकमत कधीच नसते. बंड, दंगल, उठाव, संप, सत्याग्रह, आंदोलन, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न : शब्दांची ही रांग पाहिली म्हणजे लक्षात येते की यांतील प्रत्येक शब्द हा आधीच दिलेला एक निकाल आहे.

२

१९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पावसाळा आला तशी मिठाची मोहीम ओसरली आणि महाराष्ट्रात तिची जागा जंगल सत्याग्रहाने घेतली. लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैत पुसद येथे जंगलाचा कायदा मोडला. बिळाशी, अकोले अशा अनेक ठिकाणी हे लोण पोचले. मिठाच्या कायद्यापेक्षा जंगलाचा कायदा डोंगराकाठच्या माणसाला अधिक जवळून जाचत होता. सरपण, गुरांचा चारा, घराला लागणारे वासे, नांगराचे लाकूड या रोजच्या गरजा. पिढ्यान् पिढ्या जे डोंगरातून आणले ते 'राखीव' या एका शब्दाने चोरीचे झाले होते.

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरण भागातील चिरनेरजवळ, अक्कादेवीच्या डोंगराकडे, आसपासच्या गावांतील माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगल तोडायला जमली. समोर पोलीस आणि जंगल खात्याची माणसे होती. गोळीबार झाला आणि आठ गावकरी मारले गेले. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, आलू बेमट्या म्हात्रे ही त्यांतील काही नावे. सरकारी बाजूचीही माणसे मेली आणि त्यांत खुद्द मामलेदार जोशी होते.

मामलेदारांच्या मृत्यूपाशी अभ्यासकाने थांबायला हवे. सरकारी बाजूच्या दृष्टीने ते जमावाच्या हिंसेचे बळी. या भागातल्या सांगण्यात मात्र दुसरीच हकिकत ऐकू येते : मामलेदारांचा गोळीबाराला विरोध होता आणि ते पोलिसांच्याच गोळीला बळी पडले. यांतील कोणती हकिकत खरी, हा निवाडा आम्ही करणार नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटावी. लोकस्मृतीने मामलेदाराला शत्रूच्या रांगेतून उचलून आपल्या रांगेत आणून बसवले आहे. मारला गेलेला सरकारी माणूस आपल्या हातून मेला नसावा, तो मनाने आपलाच असावा, अशी एक इच्छा त्या हकिकतीत आहे. अहिंसक म्हणून पुकारलेल्या सत्याग्रहात दोन्ही बाजूंना रक्त सांडले, ही अस्वस्थता त्या गावांनी अशा रीतीने वागवली असावी असे आम्हांला वाटते. पाठ्यपुस्तकातील एका ओळीत ती अस्वस्थता उरत नाही. 'चिरनेर येथे गोळीबार झाला व सत्याग्रही हुतात्मे झाले' एवढेच तेथे उरते.

आज चिरनेरला स्मारक आहे. दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे शासकीय कार्यक्रम होतो आणि पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात. ज्या आवाजाने ती माणसे मेली त्याच आवाजाने त्यांचा गौरव व्हावा, यातली विसंगती जमलेल्यांना बहुधा जाणवत नाही, आणि तिची टिंगल करण्याचाही आमचा हेतू नाही. विसंगती न जाणवण्याचे कारण सरळ आहे. गोळी झाडणारे राज्य वेगळे होते आणि फैरी झाडणारे राज्य वेगळे आहे. मधे १९४७ आहे.

३

चरी हे अलिबाग तालुक्यातील पोयनाडजवळचे लहानसे गाव. खारेपाटातले. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, जमीन गोडी करायची आणि भाताचे एक पीक काढायचे, ही येथली शेती. बांध फुटला की शेत खारे होते आणि पुढची काही वर्षे हातची जातात. ही सगळी मेहनत कुळाची. जमीन मात्र खोताची. खोत हा मूळचा सरकारसाठी सारा वसूल करणारा मध्यस्थ. काळाच्या ओघात तो मालक झाला. पिकाचा निम्मा हिस्सा किंवा त्याहून अधिक धान्य खोताच्या कोठारात जाई, शिवाय वेठ होतीच. कुळाकडून जी कबुलायत लिहून घेतली जाई, ती मुदतीची असे आणि मुदत संपली की कुळ उपरे ठरे. लिहिता न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने सही झालेला हा दस्तऐवज म्हणजे त्या काळचा सर्वांत प्रभावी गद्यप्रकार होता असे म्हटले तर ते केवळ विनोदाने घेऊ नये.

नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कोलाबा जिल्हा शेतकरी संघाने या व्यवस्थेविरुद्ध संघटना बांधली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे झालेल्या सभेत २५ गावांच्या कुळांनी ठरवले की खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत. गिरणीतला संप आपण समजू शकतो : कामगार यंत्र थांबवतो, मालकाचा नफा थांबतो. शेतकऱ्याचा संप वेगळा. येथे थांबते ते आपल्याच पोटात जाणारे अन्न. खोताकडे कोठार होते, कुळाकडे नव्हते. संप करणाऱ्यांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीतले मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. सभांवर बंदी घालणारे आदेश निघाले. तरी हा संप एक हंगाम टिकला, दोन टिकला, आणि १९३९ पर्यंत चालला. भारतातील सर्वांत दीर्घ शेतकरी संपांत त्याची गणना होते.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकऱ्यांच्या परिषदेस आले. पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. चरीच्या संपाच्या बातम्या इतर वृत्तपत्रे छापीनात तेव्हा १९३७ साली 'कृषीवल' हे पत्र निघाले. एका संपाने स्वतःचे वृत्तपत्र काढावे आणि ते पुढे कित्येक दशके चालावे, ही वाङ्मयीन इतिहासातही नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. काँग्रेस मंत्रिमंडळातील महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरी भागाला भेट देऊन प्रश्नात लक्ष घातले. १९३९ च्या कूळ कायद्याने कुळाला प्रथमच संरक्षण दिले. पुढे १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन, ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले, ही सगळी पायरी-पायरीची वाट आहे. तिची पहिली पायरी चरीला घातली गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता एक निरीक्षण. चिरनेरचा लढा एका दिवसाचा, चरीचा सहा हंगामांचा. फळाचा हिशेब केला तर चरीचे पारडे फार जड आहे. तरीही महाराष्ट्राच्या सर्वसाधारण स्मरणात चरी जवळजवळ नाही. रायगड जिल्ह्याबाहेरच्या साहित्याच्या वर्गात 'चरीचा संप' म्हटले तर किती हात वर येतील? चरीला कोणी गोळीने मेले नाही, त्यामुळे कोणी हुतात्मा झाले नाही, त्यामुळे फैरी नाहीत. उपाशी राहिलेल्या, मुलांना दुसऱ्या गावी पाठवलेल्या, गहाण टाकलेली भांडी कधीच न सुटलेल्या माणसांसाठी आपल्या भाषेत 'हुतात्मा'सारखा एकही शब्द नाही.

आमचे क्षेत्र साहित्य आहे म्हणून तेथेही पाहू. श्री. ना. पेंडसे यांनी 'गारंबीचा बापू'मध्ये अण्णा खोत हे अविस्मरणीय पात्र उभे केले, आणि 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी खोतांच्या एका घराण्याला दिली. ते मोठे लेखन आहे, याविषयी दुमत नाही. खोताच्या अंतरंगाला, त्याच्या अहंकाराला आणि त्याच्या ऱ्हासाला मराठी कादंबरीने न्याय दिला. सहा हंगाम नांगर न धरणाऱ्या कुळाच्या घरात काय चालले असेल, यावर त्या तोडीची कादंबरी आमच्या वाचनात नाही. याचा दोष पेंडशांना देता येत नाही. लेखक आपल्याला दिसले ते लिहितो. दोष असलाच तर तो आपल्या एकूण वाचनव्यवहाराचा. आपल्याला कथानक लागते, आणि कथानकाला एक स्फोटाचा क्षण लागतो. संपाला तसा क्षण नसतो. त्याला फक्त मुदत असते.

४

महसूलमंत्री म्हणून चरीला गेलेले मोरारजी देसाई १९५२ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला तेव्हा तेच मुख्यमंत्री होते. शंभराहून अधिक माणसे त्या आंदोलनात मारली गेली. एकच माणूस एका प्रसंगी ऐकून घेणारा आणि दुसऱ्या प्रसंगी न ऐकणारा का ठरतो, याचे उत्तर स्वभावचित्रणात शोधण्याची साहित्यिक सवय आपल्याला असते. आमच्या मते येथे ती सवय बाजूला ठेवावी. १९३९ चे प्रांतिक मंत्रिमंडळ अर्ध्या सत्तेचे होते आणि त्याला शेतकऱ्यांचा पाठिंबा हवा होता. १९५५ चे सरकार पूर्ण सत्तेचे होते आणि आपणच लोक आहोत असे मानणारे होते. आपणच लोक आहोत असे मानणाऱ्या सरकारला समोरचा जमाव हे लोक वाटत नाहीत. ते गुंड वाटतात, भडकवलेले वाटतात, परक्याचे हस्तक वाटतात.

जासईची गोष्ट याच अंगाने वाचली पाहिजे. १९७० साली नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली आणि सिडकोची स्थापना झाली. पुढे न्हावा-शेवा बंदराचा प्रकल्प आला. ज्या खारजमिनी एका पिढीपूर्वी कूळ कायद्याने कसणाऱ्याच्या नावावर झाल्या होत्या, त्याच आता 'सार्वजनिक हितासाठी' जाऊ लागल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे : खोताकडून कुळाकडे आणि कुळाकडून महामंडळाकडे, तेही वीस-पंचवीस वर्षांत. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी योग्य मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा ही मागणी पुढे ठेवली. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली : चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत, धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर, आणि पागोट्याचे कमळाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील व केशव महादेव पाटील. चिरनेर येथून काही मैलांवर आहे.

तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना इंग्रज सरकारच्या पोलिसांची गोळी खांद्यावर झेललेले हेच वसंतदादा. आम्ही ही गोष्ट कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी सांगत नाही. ज्याने स्वतः गोळी खाल्ली तो राज्याच्या प्रमुखपदी असतानाही गोळीबार घडतो, याचा अर्थ गोळीबार हा व्यक्तीच्या सद्भावनेवर अवलंबून नाही, तो यंत्रणेच्या आत बसलेला आहे, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

या लढ्यातून पुढे १९९० मध्ये प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. भूसंपादनाच्या इतिहासात ते मोठे पाऊल होते. उरण-पनवेलच्या गावांत १६ व १७ जानेवारीला आजही लोक जमतात, आणि पाचही नावांमागे 'हुतात्मा' हेच पद लावतात. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून याच गावांतून हजारोंची मानवी साखळी उभी राहिली. नावासाठी एवढा आग्रह कशाला, असे शहरातल्या काहींना वाटले. ज्यांच्या शेतावर धावपट्टी आली त्यांना ते वाटले नाही.

५

आता भाषेकडे. सरकारी अहवालांतील एक वाक्य सर्वांच्या ओळखीचे आहे : 'परिस्थिती हाताबाहेर गेल्याने पोलिसांना गोळीबार करावा लागला.' मराठीच्या अध्यापकांनी हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहावे असे आम्हांला वाटते. 'गोळीबार केला' यात कर्ता आहे आणि त्याची इच्छाही आहे. 'करावा लागला' यात कर्ता चतुर्थीत जाऊन बसतो, पोलीस हे गोळीबार करणारे न राहता गोळीबार ज्यांच्यावर येऊन पडला असे होतात, आणि खरा कर्ता म्हणून 'परिस्थिती' पुढे येते. 'गोळीबार झाला' यात तर कोणीच नाही. पाऊस झाला तसा गोळीबार झाला. हा लेख लिहिताना चिरनेरविषयी आणि फ्लोरा फाउंटनविषयी आम्हीही 'गोळीबार झाला' असेच लिहून गेलो आहोत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. सवय किती खोल आहे ते दिसावे म्हणून ती वाक्ये तशीच ठेवली आहेत.

याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. आंदोलकांची भाषाही कर्ता लपवते. 'जनक्षोभ उसळला', 'संतापाचा उद्रेक झाला' ही वाक्ये त्याच जातीची. मामलेदार जोशी कसे मेले या प्रश्नाला जनक्षोभ हे उत्तर होऊ शकत नाही. सरकारकडून ज्या व्याकरणाची अपेक्षा करायची ते आपल्या बाजूलाही लागू केले पाहिजे.

शेजारच्या देशांत हेच नाव देण्याचे राजकारण किती झपाट्याने घडते पाहा. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये विद्यार्थी सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाच्या एका तरतुदीविरुद्ध रस्त्यावर आले. पंतप्रधान शेख हसीना यांनी त्यांचा संबंध 'रझाकारां'च्या नातवंडांशी जोडला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी असलेल्या मराठवाड्याच्या वाचकाला हा शब्द किती जहाल आहे हे सांगायला नको. १९७१ मुळे बांगलादेशात तो अधिकच जहाल आहे. विद्यार्थ्यांनी तोच शब्द उलटा करून घोषणेत घेतला. १६ जुलैला रंगपूर येथे हात पसरून उभा असलेला अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, आणि आरक्षणाचे आंदोलन सरकार घालवण्याचे आंदोलन झाले. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने या काळातील मृतांची संख्या १,४०० पर्यंत असू शकेल असा अंदाज दिला. नेपाळमध्ये ८ सप्टेंबर २०२५ रोजी तरुणांच्या निदर्शनांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्या एका दिवसात १९ जण मेले; दुसऱ्याच दिवशी संसदेची इमारत पेटली आणि पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला.

या दोन्ही ठिकाणी मूळ मागणी लहान होती. पहिल्या गोळीने ती मोठी केली. पश्चिम बंगालमध्ये नंदीग्राम येथे १४ मार्च २००७ रोजी १४ माणसे मेली आणि काही वर्षांत तेथील ३४ वर्षांची सत्ता गेली. गोळीने जमाव पांगतो. प्रश्न पांगत नाही. तथापि येथेही चरीचा धडा विसरू नये. सरकार पडणे हा लढ्याचा शेवट नव्हे. दोन दिवसांत पडलेल्या सरकारनंतर कोणता कायदा आला, कोणाच्या नावावर काय झाले, हे विचारायला दहा वर्षे थांबावे लागते. तोवर छायाचित्रे जुनी झालेली असतात.

आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. १९९३ च्या आरंभी याच जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळच्या शेखाडी येथे, स्फोटके उतरवली गेली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. ती सशस्त्र हिंसा होती, लोकांचा उठाव नव्हता. तिला लोक नको होते, अंधार आणि विकत घेतलेले मौन हवे होते. चिरनेर किंवा जासईला जमलेली माणसे उजेडी, नाव-गाव सांगून आली होती. किनाऱ्यावर पहारा ठेवणाऱ्या राज्याला हे दोन प्रकार निराळे ओळखता आले पाहिजेत. ते एकाच नजरेने पाहिले गेले की कोयता घेतलेला लाकूडतोड्या आणि स्फोटके उतरवणारा एकाच रकान्यात जाऊन बसतात.

६

पुन्हा थळला येऊ. येथला खत कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला; म्हणजे जासईला गोळ्या झाडल्या जात होत्या तेव्हा थळ-वायशेतच्या जमिनीवर बांधकाम चालू होते. मुंबईच्या समुद्रातून निघालेला वायू येथे येतो, त्याचा अमोनिया होतो, युरिया होतो आणि देशभरच्या शेतांत जातो. देशाला धान्य पिकवण्यासाठी खत हवे आणि खतासाठी कोणाची तरी शेती जावी लागते, हे कोडे एखाद्या गोळीबाराइतके नाट्यपूर्ण नाही, पण ते अधिक काळ टिकणारे आहे.

या मालिकेतला अलीकडचा प्रसंग मात्र वेगळ्या जातीचा आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण आणि पनवेल भागातील जमीन घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शेतकऱ्यांनी प्रा. एन. डी. पाटील आदींच्या नेतृत्वाखाली लढा दिला. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे मत शासनाने घेतले. चिरनेरच्या तारखेपासून अवघ्या चार दिवसांच्या अंतराने, ७८ वर्षांनंतर, त्याच परिसरातल्या माणसांना सरकारने प्रथमच कागद पुढे करून विचारले : तुमचे म्हणणे काय? कौल विरोधाच्या बाजूने होता. पुढे संपादनाची मुदत उलटली आणि जमिनी शेतकऱ्यांकडे राहिल्या. त्या दिवशी कोणी मेले नाही, म्हणून त्याचेही स्मारक नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. हुतात्म्यांच्या नावांपुढे मान लववावी, ती नावे गावासकट पाठ असावीत. त्याचबरोबर कबुलायतीवर अंगठा देण्यास नकार देणाऱ्या कुळाची आणि मतपत्रिकेवर 'नाही' लिहिणाऱ्या शेतकऱ्याची नोंदही आपल्या भाषेने ठेवावी. साहित्याच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर चरीच्या आसपासच्या पंचवीस गावांत त्या काळाविषयी घरोघरी काय सांगितले जाते, लग्नाच्या धवल्यांत आणि आगरी बोलीतल्या म्हणींत त्या उपासाचे काही उरले आहे काय, हे जाऊन टिपावे. संप पाहिलेली पिढी गेली. तिच्याकडून ऐकलेली माणसे अजून आहेत, आणि तीही आता सत्तरीच्या पुढे आहेत.